शिणाण्याची दाढी आणि ओल्या जखमेचा गोंद

शिवोलीला मावशीकडे गेलं की सुकतीच्या वेळी खडकांवरून खरवडून आणलेल्या शिणाण्यांची, म्हणजे दोन शिंपांत राहणाऱ्या, इंग्रजीत 'मसल' म्हणतात त्या जिवांची टोपली मागीलदारी तयार असते. रवा लावून तळलेले खायला सगळे पुढे, साफ करायला कोणी नाही. शिंपांवरची घाण सुरीने काढायची आणि मग फटीतून बाहेर आलेली तपकिरी दोऱ्यांची झुबकेदार दाढी उपटायची. पहिल्यांदा मी ती सरळ वर ओढली, तर दाढी राहिली जागच्या जागी आणि शिंपेच्या कडेने माझं बोट कापलं. "तसं नको ओढू रे, बिजागरीकडे ओढ," असं म्हणत मावशीने एका झटक्यात ती काढून दाखवली. दोऱ्यांच्या टोकाला खडकाचा कपचा होता. दोरा तुटला नव्हता, गोंद सुटला नव्हता. खडकच निघून आला होता.

इकडे बोटातून रक्त वाहत होतं आणि हात भिजलेले. औषधाची चिकटपट्टी लावली, निसटली. पुसून पुन्हा लावली, पुन्हा निसटली. शेवटी हळद दाबून धरली. टोपलीतला तो जीव खाऱ्या पाण्यात, लाटांचा मारा खात, शेवाळलेल्या दगडाला पक्का चिकटून राहतो आणि कारखान्यात तयार झालेली माझी पट्टी चार थेंबांना हरते. शल्यचिकित्सकांचं दुखणं नेमकं हेच आहे. शरीराच्या आत सगळं ओलंच असतं.

गोंद चिकटतो म्हणजे त्याचे रेणू पृष्ठभागाच्या रेणूंना अंगाला अंग लावून बसतात. ओल्या जागी पाण्याचे रेणू आधीच तिथे ठाण मांडून असतात, गोव्याच्या कदंब बसमध्ये खिडकीची जागा धरलेल्या माणसासारखे. ते उठल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नाही.

मागच्या शिगम्यात भाच्याची हनुवटी फुटली, तेव्हा डॉक्टरांनी टाके न घालता गोंद लावला. "मला फेविक्विकने चिकटवलं," असं तो शाळेत सांगत सुटला आणि फारसा चुकलाही नव्हता. ते रसायन त्याच कुळातलं, सायनोअ‍ॅक्रिलेट. १९४२ मध्ये हॅरी कूव्हर हे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ बंदुकीच्या नेमसाधनासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हे रसायन दिसेल त्याला चिकटतं, म्हणून वैतागून त्यांनी ते बाजूला ठेवलं होतं. त्वचेसाठी बनवलेल्या त्याच्या मवाळ प्रकाराला अमेरिकेत १९९८ मध्ये परवानगी मिळाली. पण डॉक्टरांनी आधी काय केलं ते मी पाहत होतो. रक्त थांबवलं, जखम कोरडी केली, कडा जुळवल्या आणि मग वरून गोंदाचा थर दिला. धडधडणाऱ्या हृदयावर किंवा फुगणाऱ्या फुप्फुसावर हे चालत नाही. तिथे तो गोंद काचेसारखा कडक होतो, घट्ट होताना उष्णता सोडतो आणि पेशींना त्रास देतो. दुसरा पर्याय फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या आपल्याच प्रथिनांचा गोंद. तो शरीराला मानवतो, पण पकड लेचीपेची. म्हणून आजही आत मुख्यतः सुईदोराच चालतो. सुश्रुताने आतड्याच्या जखमेच्या कडा काळ्या मुंग्यांच्या चाव्याने धरून ठेवायला सांगितलं होतं, ती कल्पना आठवते. मुंगी निदान आरपार भोक तरी पाडत नव्हती.

आता शिणाण्याकडे. त्याला जिभेसारखा एक पाय असतो आणि पायाच्या खालच्या बाजूने एक खाच. हा पाय तो खडकावर टेकतो, दाबतो, मध्ये जरासा पोकळ उचलून धरतो आणि त्या पोकळीत व खाचेत प्रथिनांचा रस सोडतो. ओतकामाच्या साच्यात धातू ओतावा, तसाच हा प्रकार. काही मिनिटांत दोरा आणि टोकाची गोंदाची टिकली तयार. पाय बाजूला होतो आणि पुढच्या दोऱ्याला लागतो.

या रसात काय आहे, ते अमेरिकेतल्या हर्बर्ट वेट यांनी १९८१ च्या सुमारास उलगडलं. या प्रथिनांमध्ये 'डोपा' नावाचं अमिनो आम्ल ठासून भरलेलं होतं. नाव ओळखीचं वाटेल, कारण कंपवाताच्या रुग्णांना दिलं जाणारं लेव्होडोपा ते हेच. आणखी जवळचं उदाहरण म्हणजे पावसाळ्यात कुंपणावर चढणारी आणि अंगाला लागली की नाचवणारी खाजकुयली. तिच्या बियांतून डोपा वेगळं काढल्याचा शोधनिबंध दोन भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच प्रसिद्ध केला होता. एकच रेणू मेंदूत गेला तर थरथर थांबवतो आणि खडकावर गेला तर शिणाणा थांबवतो!

डोपाच्या टोकाला दोन हात असतात, शेजारी शेजारी लागलेले ऑक्सिजन-हायड्रोजनचे दोन गट. या दोन हातांनी तो दगड, धातू, लाकूड, शिंपा असं बरंच काही धरतो. पण हात असून भागत नाही, जागा आधी रिकामी व्हावी लागते. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गटाने दाखवलं की डोपाच्या शेजारी बसलेलं लायसिन हे धनभारित अमिनो आम्ल खडकावरचे क्षाराचे कण हुसकावून लावतं आणि मग डोपा पकड घेतो. त्याच वर्षी सिंगापूरच्या संशोधकांनी आपल्याच हिरव्या शिणाण्यावर काम केलं. त्याचं शास्त्रीय नाव पर्ना व्हिरिडिस, गोव्याच्या खडकांवर असतो तोच. तो सगळी प्रथिनं एकदम सोडत नाही. आधी एक ठरावीक प्रथिन येतं, पृष्ठभागाला बिलगलेलं पाणी हटवतं आणि मग बाकीची मंडळी येतात. या हिरव्या जातीची आणखी एक खोड आहे. तिच्या एका प्रथिनात डोपा जवळजवळ नाहीच, त्याऐवजी साखर जोडलेलं वेगळंच अमिनो आम्ल आहे. गोंद संशोधनाचा बराचसा डोलारा थंड समुद्रातल्या निळ्या शिणाण्यांवर उभा आहे. आमच्याकडची जात अजून पुरती वाचून झालेली नाही असं मला वाटतं, आणि त्याची थोडी चुटपुटही लागते.

डोपाचा एक दोष आहे आणि तो नीरफणस कापणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. काप उघडे ठेवले की काळे पडतात. वांग्याचं, केळफुलाचंही तेच. या भाज्यांमध्ये डोपासारखेच दोन हातांचे रेणू असतात. हवेतला ऑक्सिजन लागला की ते बदलतात आणि पुढे काळपट होतात. समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी, त्यात डोपाही असाच पटकन बदलतो आणि मग त्याची खडक धरायची ताकद जाते. मावशी नीरफणसाच्या कापांवर चिंचेचं पाणी किंवा कोकमाचं आगळ घालते, कारण आंबटात हा बदल मंदावतो. शिणाणा काय करतो? पायाखालच्या त्या पोकळीत तो आम्लधर्मी रस सोडतो आणि जोडीला गंधकयुक्त प्रथिनं, जी बदलू लागलेल्या डोपाला मूळ रूपात परत आणतात. म्हणजे आगळ त्याच्याकडेही आहे.

दोऱ्याच्या बाहेरच्या सालीत आणखी एक करामत सापडली. २०१० मध्ये जर्मनीत झालेल्या कामात दिसलं की ही साल कडक असून ताणलीही जाते, कारण तिच्यात लोखंडाचे अणू आहेत आणि एकेका अणूला दोन-तीन डोपांनी धरलंय. जोर आला की पकड सुटते, जोर गेला की पुन्हा जुळते. गोव्याने डोंगर पोखरून बार्जेसमध्ये लोहखनिज भरलं; त्याच नद्यांच्या मुखाशी हा जीव समुद्राच्या पाण्यातून लोखंड अणू अणू करून गोळा करतो.

मग शिणाणे गोळा करून त्यांचाच गोंद काढायचा का? एक ग्रॅम शुद्ध प्रथिनासाठी सुमारे १०,००० शिणाणे लागतात असं सांगतात. मावशीला हे सांगितलं तर ती मला घरात घेणार नाही. कोरियातल्या एका गटाने हे प्रथिन जिवाणूंकडून बनवून घेण्याचा मार्ग काढला. दुसरा मार्ग अधिक गाजला. प्रथिन सोडा, फक्त डोपाचे ते दोन हात उचला आणि दुसऱ्या कशाला तरी जोडा. २००७ मध्ये अमेरिकेत फिलिप मेसरस्मिथ यांच्या प्रयोगशाळेत हेशिन ली व सहकाऱ्यांनी डोपासारखेच दोन हात असलेल्या डोपामिनच्या किंचित अल्कधर्मी द्रावणात वस्तू नुसत्या बुडवून ठेवल्या. धातू, काच, प्लास्टिक, इतकंच काय पण ज्याला काही चिकटू नये म्हणून आपण पैसे मोजतो ते टेफ्लॉनही. चोवीस तासांत सगळ्यांवर सुमारे ५० नॅनोमीटरपर्यंत जाडीचा काळपट थर बसला. नीरफणसाचा दोष इथे गुण ठरला. हाडात बसवायचे भाग, शरीरात घालायच्या नळ्या यांवर असा थर देऊन त्यावर हवं ते औषध जोडण्याची खटपट तेव्हापासून जगभर चालू आहे.

यातला मला सर्वांत आवडलेला प्रयोग सुईचा आहे. २०१७ मध्ये ली यांच्याच कोरियन गटाने इंजेक्शनच्या सुईवर डोपासारखे हात जोडलेल्या कायटोसानचा लेप दिला. सुई आत गेली की लेप रक्ताने ओला होऊन फुगतो, सुई बाहेर काढताना तो भोकातच राहतो आणि भोक बुजतं. रक्त न गोठणाऱ्या, म्हणजे हिमोफिलिया असलेल्या उंदरांतही रक्तस्राव झाला नाही. ज्या घरात हिमोफिलियाचं मूल आहे, तिथे साधं इंजेक्शनसुद्धा किती धास्तीचं असतं, हे त्या आईबापांना विचारावं.

कायटोसान हे नाव नवं, वस्तू जुनी. सुंगटांची, म्हणजे कोळंबीची सालं आपण टाकतो, त्यातल्या कायटिनपासून ते बनतं. त्यावर धनभार असतो, रक्तपेशींवर ऋणभार. त्यामुळे पेशी त्याकडे ओढल्या जाऊन गुठळी बनते. कायटोसानच्या पट्टीला अमेरिकेत २००२ मध्ये परवानगी मिळाली. इराक-अफगाणिस्तानात सैनिकांच्या जखमांवर ती वापरली गेली आणि आता भारतातही अशा पट्ट्या बनतात. हे प्रयोगशाळेतलं स्वप्न नाही, औषधाच्या दुकानातली वस्तू आहे.

त्याच २०१७ मध्ये हार्वर्डच्या गटाने बिनशंखाच्या गोगलगायीकडून धडा घेतला. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीवर चढते तिचीच एक युरोपीय बहीण, डिवचली की चिवट शेंबूड सोडते. संशोधकांनी कायटोसानचा दुवा आणि त्याला जोडून समुद्री शेवाळातलं अल्जिनेट असलेली ताणली जाणारी जेल तयार केली. दातांचं माप घेताना डॉक्टर तोंडात जो लगदा कोंबतात, त्यातलंच हे अल्जिनेट. डुकराच्या हृदयाला पडलेलं भोक या पट्टीने बुजवलं आणि ती रक्तातही धरून राहिली. दोन वर्षांनी एमआयटीच्या गटाने पाण्याला हटवण्याऐवजी पिऊनच टाकलं. लहान मुलांच्या डायपरमध्ये पाणी शोषणारा पदार्थ असतो, त्याच्याच जवळच्या नात्यातली कोरडी पट्टी त्यांनी बनवली. ती मधलं पाणी पिते आणि पाच सेकंदांत पकड घेते. २०२१ मध्ये त्यांनीच होड्यांच्या बुडाला चुन्याच्या खवल्यांसारखे चिकटणारे जीव पाहून लेप काढला. हे जीव आधी तेलकट द्रव सोडून जागा साफ करतात, मग गोंद सोडतात. तसा तेलात गोंदाचे बारीक कण मिसळलेला लेप डुकराच्या रक्ताळलेल्या यकृतावर दाबला, तेव्हा सुमारे पंधरा सेकंदांत रक्त थांबलं.

डुक्कर, उंदीर, ससा. हे शब्द मी मुद्दाम गाळत नाही. वर्तमानपत्रांत 'टाक्यांची सुट्टी' अशा मथळ्यांखाली हे गोंद येतात आणि उद्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळात मिळतील असं वाचणाऱ्याला वाटतं. पोटात घातलेला गोंद किती दिवसांनी विरघळतो, विरघळून काय बनतो, आतडी एकमेकांना चिकटवत तर नाही, चुकीच्या जागी लागला तर काढायचा कसा, या प्रश्नांची उत्तरं माणसात मिळायला वर्षं लागतात. तोवर सुईदोऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण काही जागा अशा आहेत जिथे सुईदोराही हात टेकतो. गर्भातल्या बाळावर शस्त्रक्रिया करताना गर्भाभोवतीच्या पातळ पडद्याला भोक पाडावं लागतं आणि तो पडदा जखमेसारखा भरून येत नाही. पाणी गळतं, वेळेआधी प्रसूती होते. मेसरस्मिथ यांचा गट डोपाचा गोंद घेऊन बरीच वर्षं या एका भोकामागे लागला आहे. माझ्या लेखी गोंदाची खरी परीक्षा तिथे आहे, हनुवटीवर नव्हे.

याच मेसरस्मिथ यांचं २००३ च्या आसपासचं एक काम मी मावशीला सांगितलं, तेव्हा ती हसली. तिच्या शेजाऱ्यांची होडी दरवर्षी काठावर ओढून उलटी करतात आणि बुडाला चिकटलेले शिणाणे, खवले पत्र्याने खरवडतात. जहाजांनाही हा त्रास आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत कितीतरी वर्षं या चिकटणाऱ्या जिवांचा अभ्यास चालू आहे. मेसरस्मिथ यांनी ज्याला प्रथिनं आणि पेशी चिकटत नाहीत असा बुळबुळीत पदार्थ घेतला आणि तो पृष्ठभागावरून निघून जाऊ नये म्हणून त्याच्या एका टोकाला डोपाचे हात लावले. म्हणजे काही चिकटू नये यासाठीचा थर धरून ठेवायला वापरला तो शिणाण्याचाच गोंद.

"मग हे शिणाण्याला कळलं की काय होईल?" मावशी म्हणाली आणि पुढची दाढी बिजागरीकडे ओढली.