हार्डकोडेड पाथ

फाइलचा किंवा फोल्डरचा पूर्ण पत्ता प्रोग्रामच्या कोडमध्येच कायमचा लिहून टाकला की त्याला हार्डकोडेड पाथ म्हणतात. बनवणाऱ्याच्या मशीनवर सगळं नीट चालतं, दुसरीकडे इन्स्टॉल केलं की फाइल सापडत नाही. नौपाड्यातली टॅक्सची ऑफिसं, वागळे इस्टेटमधली वर्कशॉप्स, वाशीच्या एपीएमसीत पट्टी काढणारे गाळे, अशा ठिकाणच्या जुन्या लोकल सॉफ्टवेअरमध्ये याचा त्रास जास्त, तिथे नुसतं ‘पाथ फिक्स आहे’ म्हणतात.

विंडोजवर या पाथची सुरुवात डिस्कच्या ज्या अक्षराने (‘C:’ मधला सी) होते ते कुठून आलं यावर दोन मतं दिसतात. एक मत गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे बोट दाखवतं, म्हणजे साधारण १९७४, दुसरं त्याआधीच्या आयबीएमच्या मोठ्या कॉम्प्युटरवरच्या सीपी/सीएमएस सिस्टिमकडे, जिथे साठच्या दशकातच डिस्कना अक्षरं होती. कल्पना आयबीएमची आणि अक्षरापुढे कोलन हे आजचं रूप सीपी/एममधून विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये आलेलं, असं धरणं जास्त पटतं. ए आणि बी फ्लॉपीला गेले म्हणून हार्डडिस्कला सी. फोल्डर आले डॉस २.० मध्ये, १९८३ ला, पण तोवर साधा स्लॅश कमांडच्या ऑप्शनसाठी वापरात होता म्हणून पाथमध्ये बॅकस्लॅश घेतला, आणि सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत बॅकस्लॅशला वेगळाच अर्थ असल्याने (बॅकस्लॅश आणि एन म्हणजे नवी ओळ) ‘न्यू’ (new) नावाच्या फोल्डरचा पाथ एकेरी बॅकस्लॅशने लिहिला तर मधेच नवी ओळ घुसते!

आपल्याकडे सी ड्राइव्ह कधीतरी फॉरमॅट होणार हे धरून डेटा डी ड्राइव्हमध्ये ठेवायची पद्धत पडली, त्यामुळे कोडमध्येही डीच लिहिला गेला. आताच्या बऱ्याच लॅपटॉपला एकच सी असतो, डी नसतोच, आणि पेनड्राइव्ह लावला की डी हे अक्षर त्यालाच मिळू शकतं. ‘प्रोग्राम फाइल्स’ या इन्स्टॉलेशनच्या फोल्डरमध्येच डेटा लिहिणाऱ्या जुन्या प्रोग्रामची वेगळी अडचण, व्हिस्टापासून (२००७) विंडोज असं लिखाण गुपचूप प्रत्येक युजरच्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये वळवतं, मग एकाच पीसीवर दोन युजरना दोन वेगळे हिशोब दिसतात आणि एंट्री उडाल्या असं वाटून लोक उगाच घाबरतात.

मराठी माणसाला यातला सगळ्यात लागणारा भाग नावाचा आहे. लोकल अकाउंटचं नाव देवनागरीत टाकलं की युजर फोल्डरही देवनागरीत बनतो, पण विंडोजमध्ये मराठीला जुन्या पद्धतीचं कोडपेज (एका लिपीपुरता अक्षरांचा तक्ता) नाहीच, ती फक्त सगळ्या लिप्यांना सामावणाऱ्या युनिकोडवर चालते, म्हणून युनिकोड न कळणाऱ्या प्रोग्रामने पाथ विंडोजला रीतसर विचारून घेतला तरी त्याच्या हाती प्रश्नचिन्हं पडतात, आणि प्रश्नचिन्ह फाइलच्या नावात चालतच नाही. हा अर्थात हार्डकोडिंगचा शुद्ध प्रकार नव्हे, शेजारचा.

लिनक्सवर स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत, ती कशाने चालवायची हे सांगायला लिहिलेला पायथनचा पाथ असाच अडतो.

सोर्स कोड हातात नसेल तर विंडोजच्या सब्स्ट (subst) कमांडने एखाद्या फोल्डरला डी हे अक्षर देता येतं, मात्र रीस्टार्टनंतर ते जातं. देवनागरी नावाच्या बाबतीत अकाउंटचं नाव बदलून फोल्डरचं नाव बदलत नाही, इंग्रजी अक्षरांत नवं अकाउंट काढावं लागतं.