पेटमध्ये चमकलं म्हणजे कॅन्सर परतला?

सीटी स्कॅन बहुतेकांना कळतो. एक्स-रेचे पातळ काप, त्यात गाठ कुठे आहे आणि किती मिलिमीटरची आहे ते दिसतं. घोटाळा होतो पेट-सीटीत. ‘पेटमध्ये चमकलं, कॅन्सर परत आला’ हे वाक्य विनाकारण घरादाराची झोप उडवतं.

पेटसाठी शिरेतून एफडीजी देतात, म्हणजे फ्लोरिन-१८ जोडलेलं ग्लुकोजसारखं द्रव्य. पेशी ते साखर समजून आत ओढतात, पण पुढे वापरू शकत नाहीत, म्हणून ते तिथेच अडकतं. साधारण तासाभराने मशीन ते कुठे साठलंय ते टिपतं. चित्रात दिसते ती साखरेची भूक. ती कॅन्सरच्या पेशींना असते, तशी जखम भरायला आणि जंतूंशी लढायला धावलेल्या पांढऱ्या पेशींनाही असते. मेंदू नेहमीच चमकतो. एफडीजी लघवीवाटे जातं म्हणून मूत्राशयही चमकतं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने आतडी उजळतात, टीबीच्या गाठी तर हुबेहूब कॅन्सरसारख्या दिसतात. नुकतीच लस घेतली असेल, तर त्या बाजूची काख चमकू शकते.

सगळ्यात जास्त फसवते ती रेडिएशननंतरची सूज. म्हणून डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन संपल्यावर साधारण १२ आठवडे थांबून पेट करतात. ‘लवकर कळलेलं बरं’ म्हणत सहाव्या आठवड्यात हट्टाने करून घेतलेला स्कॅन बऱ्याचदा नसलेला कॅन्सर दाखवतो आणि नको ती बायोप्सी मागे लावतो.

उलट चूकही होते. फुप्फुसातली ८ मिलिमीटरपेक्षा लहान गाठ किंवा म्युसिन (चिकट, बुळबुळीत द्रव्य) जास्त असलेला ट्यूमर कॅन्सर असूनही बऱ्याचदा चमकत नाही. बारीक गाठींसाठी सीटीच हवा.

सीटी कमी पडतो तो लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये. उपचारानंतर छातीत गाठ उरते, पण ती जिवंत आहे की नुसता व्रण, हे आकारावरून कळत नाही. तिथे पेटला तोड नाही. डॉविलच्या १ ते ५ मापात गाठीची चमक यकृताशी ताडून बघतात.

एसयूव्हीच्या, म्हणजे चमक मोजणाऱ्या रिपोर्टमधल्या आकड्याला चिकटून बसणं मला मुळीच पटत नाही. अमुक आकड्याच्या वर कॅन्सर, अशी रेघ नाही. रक्तातली साखर, इंजेक्शननंतर गेलेला वेळ, मशीन, सगळ्याने तो हलतो. तुलना करायची तर पुढचा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर, इंजेक्शननंतर तितक्याच वेळाने करावा. नुसता रिपोर्ट नेऊ नका, जुन्या स्कॅनची सीडीही न्या. ऑपरेशन, शेवटचं रेडिएशन, केमो आणि लस यांच्या तारखा फॉर्मवर लिहा. फॉर्मवरची ही जागा कोरी राहिली की वाचणारा डॉक्टर अंधारात चाचपडतो.

आधी ४ ते ६ तास उपाशी राहायचं, साधं पाणी चालतं. आदल्या दिवशी जोराचा व्यायाम नको, नाहीतर स्नायू चमकतात. मधुमेह असेल तर गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा सेंटरला आधीच विचारा. साखर २०० च्या वर असली तर स्कॅन बहुधा पुढे ढकलतात.