शेफिल्डमध्ये सर्वात जुना क्लब एकीकडे, सर्वात जुनं मैदान दुसरीकडे: आधी कुठे जायचं ते ठरवा

इंग्लंडला गेलेले फुटबॉलवेडे लोक शक्यतो लंडन, मँचेस्टर, लिव्हरपूल करतात, मोठ्या स्टेडियमची टूर घेतात, जर्सी विकत घेतात आणि परत येतात. त्यातल्या काहींना कुठूनतरी कळलेलं असतं की शेफिल्डला जगातला सर्वात जुना फुटबॉल क्लब आहे, मग एक शनिवार तिकडे काढतात. पण "सर्वात जुना क्लब" आणि "सर्वात जुनं मैदान" हे लोक एकच धरून चालतात आणि तसं ते अजिबात नाहीये. क्लब शेफिल्ड एफसीचा, मैदान हॅलम एफसीचं. एक शहराच्या दक्षिणेला पार दुसऱ्या काउंटीत, दुसरं शहराच्या पश्चिमेला टेकडीवर. आणि वर शहरात शेफिल्ड युनायटेड आणि शेफिल्ड वेन्सडे असे दोन मोठे क्लब वेगळेच आहेत, त्यांचा या दोघांशी आज काही संबंध नाही, त्यामुळे स्टेशनबाहेर येऊन नुसतं "शेफिल्ड फुटबॉल ग्राउंड" असं विचारलंत तर तिसऱ्याच ठिकाणी पोचाल.

क्लबपासून सुरू करू. शेफिल्ड एफसी २४ ऑक्टोबर १८५७ ला सुरू झाला, नॅथॅनियल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट या दोघांनी काढला. दोघंही क्रिकेटवाले, हिवाळ्यात क्रिकेट बंद असतं तेव्हा करायचं काय म्हणून फुटबॉल. लंडनची फुटबॉल असोसिएशन जन्माला यायला अजून सहा वर्षं होती, म्हणजे सगळ्यांनी मानावेत असे नियमच नव्हते, म्हणून यांनी १८५८ मध्ये स्वतःचे नियम लिहून काढले, तेच शेफिल्ड रूल्स. पुढे कॉर्नर किक, क्रॉसबार, फाउल झाला की फ्री किक, या आपण आज गृहीत धरतो त्या गोष्टींच्या घडणीत शेफिल्डचा मोठा हात आहे. १८७७ पर्यंत लंडन आणि शेफिल्डचे नियम वेगवेगळे चालले आणि मग एक झाले. २००४ मध्ये फिफाने या क्लबला ऑर्डर ऑफ मेरिट दिलं, तो मान यांच्याखेरीज मिळाला तो रियल माद्रिदला. आणि आपल्या मोहन बागानचंही इथे नाव आहे बरं का, शेफिल्ड एफसीने जुन्या क्लबांचा क्लब ऑफ पायोनियर्स नावाचा जो गट केलाय त्यात मोहन बागान २०१९ मध्ये आला.

एवढा मोठा इतिहास, पण या क्लबकडे कितीतरी वर्षं स्वतःचं मैदानच नव्हतं! आज इथे उद्या तिथे असं खेळत राहिले, ब्रॅमल लेन झालं, अॅबीडेल पार्क झालं, अगदी डॉन व्हॅलीसारख्या अॅथलेटिक्सच्या स्टेडियममध्येही खेळले, आणि २००१ मध्ये कुठे पहिल्यांदा स्वतःची जागा घेतली. ती जागा शेफिल्डमध्ये नाहीच, दहाएक किलोमीटरवर ड्रॉनफिल्डला आहे, डर्बीशर काउंटीत, कोच अँड हॉर्सेस नावाच्या पबला लागून. शेफिल्डहून ट्रेनने दहा-बारा मिनिटं लागतात पण गाड्या सारख्या नसतात, परतीची वेळ आधीच बघून ठेवा. मैदान साधं आहे, खरं सांगायचं तर त्या मातीत १८५७ शोधायला गेलात तर काहीच सापडणार नाही, कारण ते १८५७ तिथे घडलंच नाही. जुनेपण कागदात होतं. आणि त्या कागदांचं काय झालं, तर हाताने लिहिलेले मूळ नियम आणि क्लबचं जुनं दप्तर २०११ मध्ये लिलावात गेलं, ८ लाख ८१ हजार पौंडांना. छोट्या क्लबला पैसे लागतात, समजू शकतो, तरी मला ते आजही लागतं, कारण फुटबॉलसाठी याहून मोलाचे कागद फार थोडे असतील.

आता हॅलम. १८६० साली हॅलम क्रिकेट क्लबच्या लोकांनी हा क्लब काढला, त्यातले जॉन चार्ल्स शॉ आधी शेफिल्ड एफसीतच होते. म्हणजे वयाने हा क्लब दोन नंबरचा. पण हे लोक पहिल्या दिवसापासून क्रॉसपूल भागातल्या सँडीगेटला खेळतायत आणि आजही तिथेच खेळतात. त्या जागेवर क्रिकेट तर १८०४ पासून होतं. म्हणून गिनेसने जगातलं सर्वात जुनं फुटबॉल मैदान म्हणून नोंद केलीय ती सँडीगेटची. २६ डिसेंबर १८६० ला, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, बर्फ पडलेलं असताना शेफिल्ड आणि हॅलम इथे खेळले, दोन वेगळ्या क्लबांमधली जगातली पहिली मॅच हीच धरतात. शेफिल्ड २-० ने जिंकलं. हे दोन क्लब आजही समोरासमोर आले की त्याला रूल्स डर्बी म्हणतात, डर्बी म्हणजे शेजारच्या दोन क्लबांची मॅच.

क्लबचं वय आणि जागेचं वय वेगळं कसं, हे कोल्हापूरकरांना लगेच कळेल. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ हे तिथले फुटबॉल संघ, सगळ्यांचं नातं आपापल्या तालमीशी आणि पेठेशी, पण मॅच म्हटलं की सगळे शाहू स्टेडियमवर. तिथे कोणी विचारत नाही की मैदान कुणाचं, संघ कुणाचा ते विचारतात. शेफिल्ड एफसी असाच, मैदानं बदलली पण क्लब तोच. हॅलमचं मात्र जागेवाचून पान हलत नाही.

सँडीगेटला गेल्यावर पहिली नजरेत भरते ती उतरण. मैदान सपाट नाहीच, नुसत्या डोळ्यांनी दिसतं, बॉल जिथे थांबायला हवा तिथे थांबत नाही, घरंगळत जातो आणि घरच्या पोरांना ते माहीत असतं, ते आधीच पुढे पळून उभे असतात, पाहुण्या टीमचा फुलबॅक मात्र अर्धा तास तरी अंदाज घेत बसतो. क्षमता हजारेक लोकांची, बहुतेक जण कठड्याला टेकून उभे. हाफटाइमला निम्मी गर्दी उठून दुसऱ्या गोलमागे जाते, आपली टीम जिकडे अॅटॅक करणार तिकडे, प्रीमियर लीगमध्ये तुम्हाला सीट सोडून असं हिंडता येणार नाही. चिप्सवर हेंडरसन्स रेलिश मागून घ्या, काळसर पातळ आंबट सॉस, शेफिल्डचीच चीज आहे, १८८५ पासूनची. आणि इंग्लंडमध्ये वरच्या पाच पायऱ्यांच्या लीगमध्ये मैदान दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही, १९८५ चा कायदा आहे तसा, हे दोन्ही क्लब त्याच्या बरेच खाली, आठव्या-नवव्या पायरीच्या आसपासचे, त्यामुळे बिअर हातात घेऊन टचलाइनपाशी उभं राहता येतं.

हॅलमची अजून एक गोष्ट सांगायचीच आहे. १८६७ चा यूडन कप, फुटबॉलमधली पहिली स्पर्धा, थॉमस यूडन नावाच्या थिएटरवाल्याने कप ठेवला आणि हॅलमने तो जिंकला. तेव्हाच्या नियमात गोल बरोबरीत असले की रूज मोजायचे, म्हणजे गोलच्या दोन्ही बाजूंना थोड्या अंतरावर एकेक झेंडा, त्या पट्ट्यातून बॉल गेला आणि तुमच्या खेळाडूने पळत जाऊन त्याला आधी हात लावला की एक रूज. फायनल हॅलमने अशीच रूजवर काढली. मग तो कप कितीतरी वर्षं हरवलेलाच होता, १९९७ मध्ये एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे सापडला आणि क्लबने तो परत विकत घेतला.

ब्रॅमल लेनमुळेही गोंधळ होतो. ते शेफिल्ड युनायटेडचं मोठं स्टेडियम, १८५५ साली क्रिकेटसाठी सुरू झालेलं, म्हणजे बांधकाम म्हणून सँडीगेटच्या फुटबॉलपेक्षा जुनं, पण तिथे पहिला फुटबॉल झाला २९ डिसेंबर १८६२ ला आणि खेळणारे परत हेच दोघं, शेफिल्ड आणि हॅलम. मॅच ०-० सुटली पण मध्ये हॅलमच्या एका खेळाडूने जाकीट काढून क्रेसविकशी मारामारीचा पवित्रा घेतला, प्रेक्षकही आत घुसले. ही मॅच होती लँकेशरच्या उपाशी गिरणी कामगारांच्या मदतीसाठी. अमेरिकेत यादवी युद्ध चालू, कापूस बंद, गिरण्या बंद. आणि नेमक्या त्याच कापूसटंचाईने त्याच वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला होता, हे इतिहासात आपण शिकलोय, पण त्याचं दुसरं टोक एका फुटबॉल मॅचपर्यंत जातं हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो.

ज्यांची मुलं शेफिल्ड हॅलम युनिव्हर्सिटीत शिकतायत त्यांच्यासाठी, हा क्लब युनिव्हर्सिटीचा नाही. हॅलम हे त्या भागाचं जुनं नाव, युनिव्हर्सिटीला ते १९९२ मध्ये मिळालं.

मग जायचं कुठे? माझं मत विचाराल तर एकच शनिवार हातात असेल तर सँडीगेट, डोळे झाकून. जिथे पहिली मॅच झाली तिथेच उभं राहून मॅच बघता येते हे मला इतर कशाहूनही मोठं वाटतं. पण नियम कुठून आले, क्लब ही कल्पनाच कुठून आली याचं वेड असेल तर ड्रॉनफिल्डला जा, तिथल्या जुन्या लोकांशी बोला, लांबून आलात म्हटल्यावर ते भरभरून बोलतात, छोट्या क्लबचं बरंचसं काम अशा स्वयंसेवकांवरच चालतं. शनिवार ते मंगळवार मुक्काम असेल तर या पातळीवर मंगळवारी संध्याकाळीही मॅच असतात, शनिवारी एक आणि मंगळवारी दुसरी असं जमू शकतं. तिकीट गेटवरच मिळतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र मॅचच्या दिवशी सकाळी क्लबच्या पानावर बघूनच निघा, रात्रभर पाऊस झाला तर मैदानात पाणी साचतं आणि मॅच दुपारी ऐनवेळीसुद्धा रद्द होते.