डाग पडू द्या: शाईच्या शिंतोड्यांतून चित्रं करणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी

आमच्या दुकानातून शाईची बाटली, ड्रॉपर आणि कागदाच्या कात्रणांचा गठ्ठा नेणाऱ्या प्रत्येकाला हे पत्रक देतो. शाळांना सुट्टी लागली की काउंटरवर तेच तेच ऐकायला मिळतं: शाई पसरून तळंच झालं, कागद फाटला, थेंब नुसता गोल बसतोय, वाळल्यावर रंग उतरला. यात हाताच्या कसबाचा दोष क्वचितच असतो. नको त्या कागदावर नको ती शाई, तीही गरजेच्या चौपट, एवढंच झालेलं असतं.

बेळगाव हे कलामहर्षी के. बी. कुलकर्णींचं गाव. इथं व्यक्तिचित्रं आणि निसर्गचित्रं काढणारे हात घराघरांत सापडतात, आणि त्याच धाकानं "आपल्याला काय चित्र येत नाही बघा" म्हणणारेही. हा खेळ त्या दुसऱ्या मंडळींसाठी आहे. यात आधी काही काढायचं नसतं. शाई पडते, फुटते, ओघळते. त्यात काय दिसतंय ते नंतर बघायचं आणि एक-दोन रेघांत ते दुसऱ्यालाही दिसेल असं करायचं.

शाई कुठली घ्यायची

आमच्याकडे दोन जातींची शाई असते. एक फाउंटन पेनची. ती म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. ती कागदात मुरते, पाणी लागलं की पुन्हा हलते आणि उन्हात फिकी पडते. दुसरी काळी ड्रॉइंग इंक, वॉटरप्रूफ. हिच्यात काजळीचे बारीक कण आणि त्यांना धरून ठेवणारं चिकट द्रव्य असतं. ती वाळली की वाळली. वरून ओला ब्रश फिरवला तरी हलत नाही. पूर्वी दौतीतली शाई काजळी आणि डिंक घोटून करत, तिचाच हा पुढचा अवतार.

शिकायला फाउंटन पेनची घ्या. ती स्वस्त असते, धुतली जाते, आणि तिच्या अंगात खोड्या जास्त. खासकरून काळी. टीपकागदाच्या पट्टीवर खालून दोन बोटं सोडून काळ्या शाईचा एक ठिपका द्या आणि पट्टीचं टोक पाण्यात बुडवा. ठिपका मात्र पाण्याच्या वर राहायला हवा. पाणी वर चढताना ठिपक्याला सोबत घेऊन जातं आणि बऱ्याच काळ्या शायांमधून निळा, जांभळा, तपकिरी असे पट्टे सुटे होतात. ती शाई मुळात अनेक रंगांचं मिश्रण असते, आणि प्रत्येक रंग पाण्याबरोबर आपापल्या वेगानं पळतो. हे पाहिलेलं पोर पुढचा अर्धा तास जागचं हलत नाही. ड्रॉइंग इंकवर हा प्रयोग चालत नाही, ती जागीच बसून राहते.

चित्र करून त्यावर जलरंग चढवायचे असतील तर मात्र ड्रॉइंग इंकच हवी. पण ती फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नका. आत वाळून पेन कायमचं चोंदतं, आणि ते पेन बहुधा आजोबांचं असतं.

कॅमलिनच्या दांडेकरांनी १९३१ साली धंद्याला सुरुवात केली ती घोडा छाप शाईच्या पुडीनं आणि गोळ्यांनी. आजही गिऱ्हाईक "कॅमलची निळी द्या" म्हणतं, आणि या खेळाला तीच साधी निळी उत्तम चालते. ६० मिलीची एक बाटली घ्या. ड्रॉपरनं एका मिलीत साधारण २० थेंब येतात, म्हणजे बाटलीत १२०० थेंब, आणि एका चित्राला चार थेंब पुष्कळ झाले. हिशोब करा आणि दुसरी बाटली मागायला घाई करू नका. खोक्यातले बारा रंगांचे इंक-आर्ट सेट आम्ही ठेवतो, पण पहिल्या खेपेला कुणी मागितले तर आम्हीच नको म्हणतो.

कागद

वहीचा कागद साधारण ५५ ते ६० जीएसएमचा असतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. तो शाईनं ओला झाला की लिबलिबीत होतो, वर फुंकर मारली की फाटतो. झेरॉक्सचा ७० जीएसएमवालाही सुरकुततो. १२० च्या वरचा कार्ट्रिज पेपर किंवा ड्रॉइंग शीट घ्या, नाहीतर आमची कात्रणं न्या. दुकानामागे आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिकांचे कागद कापताना कडेच्या पट्ट्या उरतात, त्या जाड आणि चांगल्या प्रतीच्या असतात. कधी त्यावर अर्धंच "चि. सौ. कां." उमटलेलं असतं, तर कधी कन्नड अक्षराची नुसती वेलांटी. अशी कात्रणं बाजूला काढू नका. कन्नड अक्षराच्या गोलाव्याला शाईचा एक ओघळ जोडला की तिथं गोगलगाय तयार असते.

गुळगुळीत आर्ट पेपरवर थेंब तुकतुकीत आणि गोल राहतो. खरबरीत कागदावर त्याच्या कडा फुटतात, काटे येतात. हातकागद शाई पिऊन टाकतो आणि डागाला लव फुटते. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू फुकटची आहे, पण ती चकचकीत असेल तर शाई वाळायला फार वेळ घेते. घरात मांजर असेल तर विचार करून वापरा.

आता पाडा

खाली दोन वर्तमानपत्रं पसरा. कागदापासून एक वीत उंचीवरून एक थेंब सोडा, मग तोच प्रकार उभं राहून कमरेच्या उंचीवरून करा. पहिला थेंब गोल बसेल. दुसरा आपटून फुटेल आणि भोवती बारीक शिंतोडे उडवेल. आता कागद पाटीसारखा तिरका धरा आणि पुन्हा थेंब सोडा. डाग लांबट होईल आणि त्याला शेपटी फुटेल. शेपटी नेहमी थेंब ज्या दिशेला चालला होता तिकडेच असते. हे एकदा कळलं की शेपट्या मुद्दाम पाडता येतात: उंदराची मागे, पावसाची खाली.

फुंकणं हा सगळ्यांचा आवडता भाग. डागाजवळ स्ट्रॉ कागदाला जवळजवळ टेकवून, आडवी धरून फुंका. वरून सरळ खाली फुंकलंत तर शाई चहूकडे पळते आणि मधे पांढरं टक्कल पडतं. आडव्या फुंकरीनं एक फांदी निघते, ती थांबली की कागद फिरवून दुसरी काढायची. शाई दाट वाटली तर पाण्याचा एक थेंब घाला. दोन-चार फुंकरींनंतर थांबा, नाहीतर चक्कर येते. लहान मुलं फुंकण्याऐवजी ओढतात आणि शाई तोंडात जाते. पाच वर्षांच्या आतल्यांना स्ट्रॉ देऊच नका. त्यांना कागदाची दोन टोकं धरून थेंब इकडून तिकडे पळवू द्या. त्यातही ती तितकीच रमतात.

घडीचं चित्र करायचं तर कागद आधी दुमडून उघडा. थेंब घडीच्या रेघेवर पडला की त्याचं अंग होतं, रेघेपासून दोन बोटं लांब पडला की पंख होतात. पुन्हा दुमडा, तळहात घडीकडून बाहेर फिरवा आणि लगेच उघडा. ठेवून दिलंत तर दोन्ही पानं चिकटून बसतात. दोन्ही बाजू सारख्या उमटल्यामुळे अशा डागात तोंडं फार दिसतात, कारण आपला चेहराही डावा-उजवा सारखाच असतो आणि डोळा सतत तेच शोधत असतो.

जुन्या टूथब्रशनं फवारा उडवायचा असेल तर ब्रश शाईत बुडवून झटका, केस वर करून धरा आणि अंगठा आपल्याकडे ओढा. केस आपल्याकडे वाकतात आणि सुटताना फवारा पुढं टाकतात. अंगठा उलटा, पुढं ढकललात की शिंतोडे सदऱ्यावर. कागदावर आधी पिंपळाचं, पेरूचं किंवा जास्वंदीचं पान ठेवा, फवारा मारा आणि वाळल्यावर पान उचला. पानाचा पांढरा आकार राहतो. पान थोडंसं सरकवून, फिक्या शाईनं पुन्हा फवारलं तर मागे त्याची सावली पडते.

मीठ घालून बघायचं असेल तर जाडं मीठ, आणि ओल्या शाईची चकाकी जायच्या बेताला टाका. मिठाभोवती शाई हलते आणि चांदण्यासारख्या खुणा राहतात. पूर्ण वाळल्यावरच झटका.

आता बघा

हा भाग घाईनं उरकू नका, सगळी गंमत इथं आहे. डाग वाळू द्या. मग कागद चारी बाजूंनी फिरवून बघा. सरळ धरल्यावर गोकाकचा धबधबा वाटलेला डाग उलटा केला की दाढीवाले मामा निघतात. राजहंसगडाचा बुरूज आडवा केला की बसलेली म्हैस होते. घरातल्या दोघा-तिघांना वेगवेगळं विचारा, आधी आपलं उत्तर सांगू नका. शहापुरातली आजी आणि तिचा नातू एकाच डागात कधी एक गोष्ट बघत नाहीत, आणि मग "काय दिसालंय रे तुला त्यात?" म्हणून जी हुज्जत सुरू होते तीच ऐकण्यासारखी असते.

ठरलं की बारीक जेल पेन किंवा टाक घ्या. पहिल्यांदा डोळा ठेवा. दुसरं काही नाही, नुसता डोळा. काळ्या डागावर पांढऱ्या जेल पेननं, फिक्यावर काळ्यानं. डोळा बसला की डोकं कुठलं आणि शेपूट कुठली हे आपोआप ठरतं. मग पाय, चोच, छत्री, काय लागेल ते. पायांना दोन काड्या बस्स होतात. शाईच्या कडेला बाह्यरेषा काढायच्या फंदात पडू नका; डागाची आपली कड तुमच्या रेघेपेक्षा चांगली असते. चार-पाच रेघांत जमलं नाही तर तो डाग तसाच बाजूला ठेवा. आठवड्यानं त्यात दुसरंच काही दिसतं.

हे खूळ नवीन नाही. जर्मनीतले डॉक्टर आणि कवी युस्टिनुस केर्नर (१७८६–१८६२) यांची उतारवयात नजर अधू झाली, आणि लिहिताना कागदावर शाई सांडू लागली. ते कागद टाकून न देता दुमडायचे, उमटलेल्या आकारांना दोन-चार रेघा जोडून भुतंखेतं करायचे आणि खाली कविता लिहायचे. पुढं स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ हेरमान रोर्शाख यांनी १९२१ मध्ये दहा डागांचा संच मानसिक चाचणीसाठी छापला. पाच निव्वळ काळे, दोन काळे-लाल आणि तीन रंगीत. शाळेत त्यांचं टोपणनावच डाग या अर्थाचं होतं. मात्र ते काम तज्ज्ञांचं. शेजारच्या पोराला डागात वटवाघूळ दिसलं म्हणून त्याच्या आईला बोलावून घेऊ नका.

पावसाळा आणि उन्हाळा

खानापूर, जांबोटीकडच्या गिऱ्हाइकांनी जून ते सप्टेंबर जरा सांभाळायचं. हवेतली ओल कागदात शिरते, मग थेंब टाकला की काटे न येता कडेला लव फुटते आणि वाळता वाळत नाही. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा आणि वापरण्याआधी वर्तमानपत्राच्या दोन पानांमध्ये घालून त्यावरून कोमट इस्त्री फिरवा. मिठाचा प्रकार त्या दिवसांत सोडूनच द्या, मीठ स्वतःच पाझरतं. अथणी, चिकोडीकडे उन्हाळ्यात उलटी अडचण: थेंब पाडून घडी घालेपर्यंत अर्धी शाई सुकलेली असते. तिथं कागदावर आधी ओला ब्रश एकदा फिरवून घ्या.

गणपतीच्या मखराला मागे हे कागद लावणार असाल तर ड्रॉइंग इंकचे लावा. फाउंटन पेनच्या शाईला पाण्याचा एक शिंतोडा पुरतो.

डाग काढायचे तर

कपड्यावर पडलं तर चोळू नका. टीपकागद किंवा जुनं फडकं दाबून शाई टिपून घ्या, मग थंड पाणी मागच्या बाजूनं सोडा, नंतर साबण. बाटलीवर वॉशेबल लिहिलंय की परमनंट, हे विकत घेतानाच बघा. गणवेशाचा पांढरा सदरा असेल तर वॉशेबलच. ड्रॉइंग इंक कपड्यात वाळली की निघत नाही, म्हणून तिच्यासाठी जुना कपडा घालूनच बसा. ब्लीच वापरलंत तर त्यात लिंबू, व्हिनेगर किंवा बाथरूमचं ॲसिड अजिबात मिसळू नका, विषारी वायू सुटतो. शहाबादी फरशीवर तर लिंबू नकोच. तो चुनखडीचा दगड, डाग जाण्याऐवजी फरशीच खाल्ली जाते. ओल्या फडक्यानं लगेच पुसा आणि उरलं तर साबणाचं पाणी. बोटांवरचं दोन दिवसांत आपोआप जातं.

दुकानातून

बाटली सील न फोडता आणलीत तर बदलून देऊ, सील फोडलेली नाही. ड्रॉपरचं रबर सैल निघालं तर ड्रॉपर बदलून मिळेल. कात्रणं वजनावर देतो. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची कामं सुरू होतात आणि गठ्ठे भरपूर असतात. आषाढ ते भाद्रपद मोजकेच निघतात, तेव्हा शाळेसाठी जास्त हवे असतील तर आधी सांगून ठेवा. रंगीत हवे की पांढरे तेही सांगा, पांढरे आधी संपतात.