पान किती सरकले, हे संकेतस्थळाला कसे कळते?

सप्रेम नमस्कार.

आपल्या संकेतस्थळावर खाली सरकताना वरची पट्टी लहान होते किंवा अटी शेवटपर्यंत वाचल्यावरच ‘मान्य आहे’ हे बटण सुरू होते, तेव्हा आमचा कोड ब्राउझरला मजकूर किती सरकला आहे एवढेच विचारत असतो. उत्तर पिक्सेलमध्ये येते. संपूर्ण पानाचे उत्तर विंडोच्या ‘स्क्रोलवाय’मध्ये मिळते आणि पानातील स्वतंत्रपणे सरकणाऱ्या चौकटीचे त्या चौकटीच्या ‘स्क्रोलटॉप’मध्ये. चौकटीतील मजकूर सरकत असताना पान जागचे हलत नाही, त्यामुळे चौकटीऐवजी पानाला विचारले तर आकडा बदलतच नाही.

इतवारीतील एका ठोक व्यापाऱ्यांच्या ऑर्डर फॉर्मवर ‘मान्य आहे’ हे बटण मोबाइलवर चालत होते, पण दुकानातील संगणकावर अटी तळापर्यंत नेल्या तरी सुरू होत नव्हते. चूक आमची होती. चौकटीची उंची 400 आणि आतील मजकुराची 1300 पिक्सेल, म्हणजे तळाशी स्क्रोलटॉप बरोबर 900 यावा, असे आम्ही धरले होते. त्या संगणकावर अक्षरे मोठी दिसावीत म्हणून स्क्रीनचे प्रमाण 125 टक्के ठेवलेले होते आणि तेथे तो आकडा 899.2 वर थांबत होता. उंचीचे दोन्ही आकडे ब्राउझर पूर्णांकात देतो, स्क्रोलटॉप मात्र अपूर्णांकात येऊ शकतो. म्हणून नेमकी बरोबरी तपासणारा कोड अशा स्क्रीनवर अडकतो. आता आम्ही तळाशी एक पिक्सेलपर्यंतचा फरक मान्य करतो, आणि आमच्या मते ही सूट कोणत्याही संकेतस्थळावर असायलाच हवी.

आयफोनवर पान सर्वात वर असताना आणखी खाली ओढले, तर हाच आकडा काही क्षण उणे होतो. वरची पट्टी तेव्हा थरथरू नये म्हणून आम्ही उणे आकडा शून्य धरतो.

एखादे चित्र दिसू लागले की नाही, एवढेच हवे असेल तर आम्ही सरकण्याचा आकडा वाचत नाही. पानाची मांडणी बदलून लगेच तो वाचला, तर ब्राउझरला सारी मोजमापे पुन्हा करावी लागतात आणि साध्या मोबाइलवर पान अडखळू लागते. ते काम ‘इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर’ या ब्राउझरमधील सोयीवर सोपवणे चांगले.

असा दोष आढळल्यास उपकरण, ब्राउझर, झूमची टक्केवारी आणि संगणक असल्यास स्क्रीनचे प्रमाण अवश्य कळवावे. याच माहितीवरून आम्हाला तो दोष आमच्या स्क्रीनवर उभा करून पाहता येतो.