जीवांचे वैज्ञानिक नामकरण

सजीवांना जगभर एकाच अर्थाने वापरता येईल असे नाव देण्याची आणि त्यांच्या परस्पर नात्यांनुसार गट पाडण्याची पद्धत. ही दोन कामे एकच आहेत असा समज सर्रास आढळतो, तो आधी दूर करायला हवा. वर्गीकरण हे अभ्यासकाचे मत असते आणि नवा पुरावा हाती आला की ते बदलते. नाव मात्र नियमांनी बांधलेले असते आणि बहुतेक वेळा ते एका प्रत्यक्ष नमुन्याला बांधलेले असते.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत वनस्पतीचे नाव म्हणजे तिचे लॅटिनमधले छोटे वर्णनच असे. टोमॅटोचे नाव होते ‘सोलॅनम काउले इनर्मी हर्बेसिओ, फोलिइस पिन्नाटिस इन्सिसिस’, म्हणजे बिनकाट्यांच्या मऊ खोडाचे, पिसासारख्या कातरलेल्या पानांचे सोलॅनम. तशाच पानांची दुसरी जाती सापडली की जुन्या नावात आणखी शब्द घालावे लागत. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस (1707–1778) यांनी 1753 च्या ‘स्पीशिज प्लँटारम’ या ग्रंथात ही लांबलचक वर्णने तशीच ठेवली, पण प्रत्येक जातीपुढे पानाच्या समासात एक सुटा शब्द छापला. आधी प्रजातीचे (जवळच्या जातींच्या गटाचे) नाव आणि मग समासातला हा शब्द, अशी दोन शब्दांची द्विपद नामपद्धती रुळली आणि टोमॅटो ‘सोलॅनम लायकोपर्सिकम’ झाला. समासातल्या त्या एका शब्दाने नाव वर्णनाच्या ओझ्यातून सुटले. लिनियस यांचे सर्वांत मोठे काम हेच म्हणावे लागेल. त्यांनी पाडलेले बरेच गट पुढे मोडीत निघाले, ही पद्धत टिकली. आज वनस्पतींच्या नावांची गणना 1753 पासून आणि प्राण्यांच्या नावांची लिनियस यांच्याच ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या 1758 मधील दहाव्या आवृत्तीपासून होते. काही थोडे अपवाद सोडले, तर त्याआधीची नावे धरली जात नाहीत.

नाव हे वर्णन नसल्यामुळे ते अर्थाने चुकीचे असले तरी चालते. एका स्वर्गीय पक्ष्याचे (बर्ड ऑफ पॅराडाइज) नाव ‘पॅराडिसिया अपोडा’, म्हणजे पाय नसलेला, असे आहे. व्यापाऱ्यांमार्फत युरोपात येणाऱ्या त्याच्या कातड्यांचे पाय आधीच कापलेले असत. पक्ष्याला पाय आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी नाव बदललेले नाही आणि बदलण्याचे कारणही नाही.

नाव नमुन्याला बांधलेले असते म्हणजे काय, हे आशियाई हत्तीच्या उदाहरणावरून चांगले कळते. लिनियस यांनी 1758 मध्ये ‘एलेफास मॅक्सिमस’ हे नाव दिले तेव्हा त्यांच्यापुढे एकच नमुना नव्हता. काही आधार पाहिलेल्या नमुन्यांचा होता, तर काही इतरांच्या लेखनाचा. त्यांपैकी मद्यार्कात जपलेला हत्तीचा एक संपूर्ण गर्भ आजही स्टॉकहोममध्ये आहे. त्याच्या डीएनएची आणि प्रथिनांची तपासणी झाली, तेव्हा तो गर्भ आफ्रिकी हत्तीचा निघाला. नाव त्यालाच बांधले असते, तर आशियाई हत्तीचे नाव आफ्रिकी हत्तीकडे गेले असते. सुदैवाने लिनियस यांनी जॉन रे या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाच्या वर्णनाचाही आधार घेतला होता. रे यांनी वर्णिलेल्या हत्तीचा जवळजवळ पूर्ण सांगाडा फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात सापडला आणि तो आशियाई हत्तीचाच असल्याची खात्री झाली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्या सांगाड्याला या नावाचा प्ररूप, म्हणजे नाव ज्याला बांधलेले असते तो नमुना, ठरवण्यात आले. संग्रहालयातल्या जुन्या बरण्या आणि हाडे का जपायची, याचे याहून बोलके उत्तर क्वचितच मिळेल. आता नवी जाती जाहीर करताना लेखकाने एक नमुना नेमून द्यायचा असतो. त्याला होलोटाइप म्हणतात.

सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही पायऱ्यांची उतरंड शाळेत पाठ करून घेतात, पण या पायऱ्या माणसाने सोयीसाठी आखल्या आहेत. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांच्या 1950 मधील मांडणीनंतर गटाची कसोटी बदलली. एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज मिळून गट व्हावा, नुसत्या सारखेपणावर नव्हे. या कसोटीने पक्षी हे डायनासोरांचेच वंशज म्हणून त्याच गटात बसतात, मगरी सरड्यांपेक्षा पक्ष्यांना जवळच्या ठरतात आणि देवमाशाचा सर्वांत जवळचा हयात नातेवाईक पाणघोडा निघतो.

मत बदलले की नावातली प्रजाती बदलू शकते. टोमॅटोला इंग्रज वनस्पतितज्ज्ञ फिलिप मिलर यांनी अठराव्या शतकातच ‘लायकोपर्सिकॉन’ या वेगळ्या प्रजातीत नेले. दीर्घकाळ तेच चालले. डीएनएचा पुरावा मिळाल्यावर तो पुन्हा सोलॅनममध्ये आला. प्राण्यांच्या नावात अशा बदलाची खूण कंसाने ठेवतात. सिंहाला लिनियस यांनी ‘फेलिस लिओ’ म्हटले होते. आज ‘पँथेरा लिओ’ लिहिताना त्यांचे नाव आणि वर्ष कंसात येते.

एकाच जीवाला दोन नावे मिळाली तर आधीचे टिकते, हा अग्रक्रमाचा नियम. तो जाचक ठरला तर अपवादही करतात. ‘अकेशिया’ या नावाचा मूळ प्ररूप बाभूळ होती. पण प्रजातीचे तुकडे पडणार हे दिसू लागल्यावर 2005 च्या व्हिएन्ना येथील वनस्पतिशास्त्र परिषदेत तो बदलून ऑस्ट्रेलियातली जाती नेमली गेली, कारण सुमारे हजार जाती तिथल्या होत्या आणि एरवी त्या सगळ्यांची नावे बदलावी लागली असती. बाभूळ ‘व्हॅचेलिया निलोटिका’ झाली. यावर कडाक्याचे वाद झाले आणि ते रास्तच होते. एक नाव हलले की ग्रंथ, कायदे आणि नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या सगळेच हलते.

वनस्पती, शैवाल व कवकांची एक नियमावली, प्राण्यांची दुसरी, जीवाणूंची तिसरी. विषाणूंसाठी वेगळी समिती. प्राण्यांत दोन्ही शब्द सारखे चालतात, उदाहरणार्थ ‘गोरिला गोरिला’. वनस्पतींत ते निषिद्ध आहे. जीवाणूंच्या नव्या जातीसाठी जिवंत संवर्धन दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावे लागते. पण बहुसंख्य जीवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. म्हणून 2022 मध्ये ‘सीक्वकोड’ ही स्वतंत्र नियमावली आली. तिच्यात नाव ज्याला बांधायचे तो प्ररूप म्हणजे जनुकसंचाची नोंदलेली क्रमवारी असते.