'सेफ पिरियड': उलट्या हिशेबाची गोष्ट

गर्भ राहू नये म्हणून दोन पाळ्यांच्या मधले दिवस सर्वांत सुरक्षित, असं एकोणिसाव्या शतकातले युरोपातले डॉक्टर बेधडक सांगत. कुत्रीला माजावर आल्यावर रक्तस्राव होतो, तेव्हा बाईचंही बीज पाळीच्या सुमारासच सुटत असणार, असा तर्क. म्हणजे नेमके धोक्याचे दिवसच निर्धोक ठरले होते.

हे निस्तरलं जपानच्या निगाता शहरातले स्त्रीरोगतज्ज्ञ क्यूसाकू ओगिनो यांनी. शस्त्रक्रियेत दिसलेली अंडाशयाची अवस्था पाळीच्या तारखांशी ताडून १९२४ साली त्यांनी मांडलं, की बीज पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी सुटतं. ऑस्ट्रियाचे हेरमान क्नाउस स्वतंत्रपणे जवळपास तिथेच पोचले. ओगिनोंना मात्र गर्भ टाळण्यासाठी हा हिशेब वापरणं पसंत नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. जी पाळी अजून आलेलीच नाही, तिच्यापासून मागे कसं मोजणार?

भारतात हा मार्ग आला तो तत्त्वाच्या बाजूने. डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटल्या. कृत्रिम साधनांना गांधीजींचा नकारच होता. सुरक्षित काळ त्यातल्या त्यात कमी खटकला. पुढे आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचाही कल तोच. जागतिक आरोग्य संघटनेमार्फत अमेरिकी डॉक्टर अब्राहम स्टोन आले आणि दिल्लीची लोदी कॉलनी व म्हैसूरकडचं रामनगरम इथे प्रयोग झाले. बायकांना रंगीत मण्यांची माळ दिली, रोज एक मणी सरकवायचा आणि रंगावरून दिवस धोक्याचा की सुरक्षित ते ओळखायचं. अंधारात रंग कळेना म्हणून मण्यांचे आकार बदलले. मणी उलटे सरकू लागले म्हणून अडकण बसवली. काहींना तर माळ सरकवली की झालं, असंच वाटलं. यावर हसणं सोपं आहे. पण नवरा 'आज नको' ऐकेल, हे गृहीत धरणारे शहाणे तरी कोण?

१९९५ साली अमेरिकेतल्या ॲलन विलकॉक्स यांच्या अभ्यासातून दिसलं, की गर्भ राहतो तो बीज सुटण्याचा दिवस आणि आधीचे पाच, एवढ्यातच. पण २००० साली त्यांनीच दाखवलं, की हे सहाही दिवस पाळी सुरू झाल्यापासूनच्या १० ते १७ व्या दिवसांत बसतात अशा बायका जेमतेम ३० टक्के.

नंतर माळ नव्या रूपात परतली, भारतात 'मालाचक्र' नावाने. पाळीचं चक्र २६ ते ३२ दिवसांचं असेल तर पाळी सुरू झाल्यापासूनचे ८ ते १९ हे दिवस टाळायचे. नियम काटेकोर पाळूनही वर्षाला शंभरात सुमारे पाच जणींना दिवस राहतात, प्रत्यक्ष वापरात बाराएक. बाळंतपणानंतर पाळी अजून बसलेली नसेल किंवा चाळिशीत ती मागेपुढे होत असेल, तर ही माळ उपयोगाची नाही.